खाटेच्या दोन्ही कडा

"ताई, ब्रेकअप कुणाशी झाला होता, तेवढं सांगा," आर्यानं मोबाइल स्टँडवर बसवत विचारलं. "बाकीचं मी एडिटमध्ये बघते."

"ब्रेकअप?" हेमांगी हसली. "माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. नवरा नालासोपाऱ्याला घरी आहे. आज भांडी त्याच्याकडे."

आर्याचा चेहरा उतरला. तिच्या चॅनेलला 'गाण्यामागची गोष्ट' हवी होती, आणि हेमांगीनं लिहिलेलं हे गाणं तर चार महिने प्रत्येकाच्या फोनवर होतं. एकट्यानं मजेत राहण्याचं गाणं, पण हळदीच्या मांडवातही वाजायचं, तेसुद्धा नवरीच्या हट्टानं.

खाटेच्या दोन्ही कडा माझ्या,
पंख्याचा वेग माझ्या मनाचा,
उरलं कालवण सकाळी माझं,
एकटं बरं गं, एकटं बरं.

"मग हे एकटं कोण?"

हेमांगीनं ओटीच्या टोकाकडे पाहिलं. गास गावातल्या या घरात तिचे वडील धर्मा एकटेच राहत. आत्ता ते मांडी घालून चाफ्याच्या कळ्या केळीच्या पानात बांधत होते. बहात्तर वर्षांचे झाले तरी कान शाबूत होते. हेमांगीला ते ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं जे त्यांच्या तोंडावर बोलता आलं नव्हतं, ते कॅमेऱ्याकडे बघून बोलता येईल, म्हणूनच तिनं मुलाखतीसाठी ही ओटी निवडली होती.

"ही वाक्यं बाबांची आहेत," ती म्हणाली. "आणि ते एकटे राहिले माझ्यामुळे."

धर्मांचा हात थांबला.

"मी नऊ वर्षांची असताना आई गेली. दोन वर्षांनी बायजाआत्यानं बाबांसाठी कळंब गावची एक बाई बघितली. बालवाडीत शिकवायची. भिंतीतल्या देवळीत हळदकुंकू लावलेला नारळ ठेवला होता. आत्या म्हणाली, हा नारळ तिला दिला की लग्न ठरलं, मग तुला नवी आई येईल. मला नवी आई नको होती. एका सकाळी बाबा वाडीत होते, तेव्हा मी तो नारळ धुण्याच्या दगडावर फोडला. अर्धा बसल्या बसल्या खाल्ला." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "बाबा आले. त्यांनी करवंटी बघितली. ओरडले नाहीत. म्हणाले, उरलेला कालवणात घाल. त्या दिवसानंतर या घरात लग्नाचा विषय निघाला नाही."

आर्या स्टँडला हात लावून तशीच उभी राहिली.

"पुढं मी त्यांच्याकडे केविलवाणं बघितलं की ते काहीतरी गमतीचं बोलायचे. हेमा, खाटेच्या दोन्ही कडा आपल्याच. हेमा, पंखा जोरात करू की हळू, विचारायचं कोणाला? मला वाईट वाटू नये म्हणून बोलायचे. मी तेच एकाखाली एक लिहिलं. लोक त्यावर नाचतात, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं, हे माझ्या बापाचं एकटेपण आहे. मी दिलेलं." ती वळली. "बाबा, एकदा तरी तुम्ही मला ओरडायला हवं होतं."

धर्मांनी पुडा बांधला, दोरा दातानं तोडला.

"तुला असं वाटत होतं?"

"मग काय वाटणार?"

"अगं बाय, तू फोडलास तो नारळ जाऊन आलेला."

"कुठं जाऊन?"

"कळंबला. आदल्या दिवशी मीच सायकलीवरून नेला होता. तिनं हातात घेतला, पानी दिलं, चहा दिला, आनि निघताना नारळ परत माझ्या पिशवीत घातला. कुंकवाचा नारळ टाकायचा कुठं? म्हनून देवळीत ठेवला. तू फोडलास, मला बरंच वाटलं. समोरून गेला एकदाचा."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? अकरा वर्षांच्या पोरीला सांगू, तुझ्या बापाला एक बाई नको म्हनाली?" ते खाली बघत म्हणाले. "लाज वाटली गं. बायजेला पन मीच सांगितलं, की मला नको. तुझ्या डोक्यात हे असेल, असं कधी मनात आलं नाही. नाहीतर तेव्हाच बोललो असतो."

हेमांगी ओटीवरच बसली. एकोणतीस वर्षं हातात असलेली जड वस्तू कुणी येऊन अलगद काढून घ्यावी, तसे तिचे हात मांडीवर पडले. रडू येत होतं आणि हसूही. काही वेळ तिनं दोन्ही येऊ दिलं.

"पण त्यांनी नकार का दिला?" आर्यानं हळूच विचारलं.

"मी पन तेच विचारलं. माझ्यात काय कमी आहे? तर म्हनाली, तुमच्यात काही कमी नाही, पन माझ्यात पन नाही. मग बोटांवर मोजून सांगितलं. खाटेच्या दोन्ही कडा माझ्या. पंखा माझ्या मनानं फिरतो. उरलं कालवन सकाळी माझं."

हेमांगीनं डोळे पुसले. "म्हणजे ही वाक्यं..."

"तिची. मी रागानं घरी आलो, आनि वरीसभर तिची नक्कल करून बोलायचो. तू हसायचीस, म्हनून बोलत राहिलो."

"नाव काय होतं त्यांचं?"

"आशालता. अजून आहे कळंबला."

"आर्या," हेमांगी म्हणाली, "गाण्याखाली माझं नाव आहे ना, ते काढून टाकायचं. शब्द आशालताबाईंचे, असं लिहायचं. आणि संध्याकाळी आपण कळंबला जायचंय. बाबा, तुम्हीपण."

धर्मांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी चाफ्याच्या बांधलेल्या पुड्यांतला एक उचलून बाजूला ठेवला.

"आजोबा, अजून राग आहे?" आर्यानं विचारलं.

"राग वरीसभर टिकला," धर्मा म्हणाले. "मग घर माझ्याच हातात होतं, म्हनून तिनं सांगितलेलं एकेक करून बघितलं. बाई एकही गोष्ट खोटी बोलली नव्हती."