कोल्हा आला रे आला

डोळे मिटा आणि समजा, तुम्ही तीन आठवड्यांचं पिल्लू आहात. तुमच्या जातीचे पक्षी माळावर फार थोडे उरले आहेत, म्हणून माणसांनी तुमचं अंडं आणून एका खुडूक कोंबडीखाली ठेवलं. डोळे उघडल्यावर समोर ती दिसली, म्हणून तीच तुमची आई. ती भली आहे, पण तिला एकच विद्या येते: माणूस दिसला की दाणे मागायला पळायचं. तीच तिने तुम्हाला शिकवली. समजलं? मग आता डोळे उघडा, कारण कोल्हा येतोय.

कोल्हा आला. भुसा भरलेला होता, चाकांच्या फळीवर उभा होता आणि त्याला एकच डोळा होता. भिंतीमागून राखणदार दोरी ओढत होता आणि कोल्ह्याच्या वतीने गुरगुरत होता. राखणदार आडदांड, मिशाही झुपकेदार, पण गुरगुरणं मात्र गुळण्या केल्यासारखं.

जाळीतल्या सातही पिल्लांनी कोंबडीकडे पाहिलं. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाईंनी कोल्ह्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या पोटातून बाहेर आलेली काडी उपसली आणि त्या त्याच्या पायाशी अंग फुगवून बसल्या. सातही पिल्लं कोल्ह्याच्या शेपटीखाली शिरली. तिथे ऊब होती.

“बाबा, जरा रागाने ओरडा ना,” राखणदाराची मुलगी म्हणाली.

“अगं, रागानेच ओरडलो!”

“दादा, याहून माझ्या सासूबाईंचं घोरणं भयंकर आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात वही होती. “उद्या पिल्लं माळावर सोडायची आहेत. पण जे माणसाला बघून पळणार नाही, ते मी सोडणार नाही. बाहेर भेटणारा प्रत्येक माणूस दाणेच घेऊन येतो असं नाही.”

“मग त्यांचं काय करणार?” मुलीने विचारलं.

“राहतील इथेच. या जाळीत. जन्मभर.”

राखणदाराने आत्याबाईंना काखोटीला मारलं. त्या वाटभर शिव्या देत बाहेर गेल्या. मग त्याने काळा रेनकोट चढवला, टोपी नाकापर्यंत ओढली आणि पत्र्याचा डबा बडवत, “हूऽऽऽ” करत तो आत घुसला. राक्षस अगदी झकास जमला होता. फक्त राक्षसाच्या खिशाला भोक होतं आणि खिशात सकाळचे दाणे होते. राक्षस पुढे, दाण्यांची रेघ मागे आणि रेघेवर सात पिल्लं. एक तर त्याच्या बुटावर चढून बसलं.

डॉक्टरबाईंनी वही मिटली. हसू आवरायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्या हसेनाशा झाल्या.

“माणसांची एवढी सवय कुणी लावली यांना?”

राखणदाराने टोपी काढून आभाळ न्याहाळलं. मुलगी चपलेने माती उकरत राहिली. रोज शाळेतून आली की ती जाळीपाशी बसायची, हे डॉक्टरबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांत लहान पिल्लाचं नाव तिने बटण ठेवलं होतं. ते तिच्या ओंजळीत झोपायचं.

“मी लावली,” ती म्हणाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. “मग रेनकोटवाल्याचं काही चालायचं नाही गं. जो आपला वाटतो, तोच अंगावर आला, तर जन्मभर लक्षात राहतं.”

मुलीने चपलेची माती झटकली. मग तिने जाळीचं दार उघडलं. बापाने डबा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

सहा पिल्लं दाणे टिपण्यात दंग होती. बटण मात्र दाणे टाकून धावत आलं आणि मान उंच करून उभं राहिलं. आता उचलणार, हे त्याला ठाऊक होतं.

मुलीने पाय आपटला. ओरडायला तोंड उघडलं, तर काही सुचेना. मग शेजारच्या काकू भिंतीवर चढणाऱ्या पोरांना जे म्हणत, तेच तोंडातून निघालं:

“चल नीघ! पुन्हा इकडे फिरकलंस तर तंगडी मोडून हातात देईन!”

ती तंगडी काडीपेक्षा बारीक होती. बटण जागच्या जागी चपटं झालं आणि मग जे सुटलं, ते थेट कोपऱ्यातल्या उंच गवतात. ते पळालं म्हणून बाकीची सहा पळाली. दाणे तसेच पडून राहिले.

“सात,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली.

“बास, बाळा. झालं. ये बाहेर,” बाप म्हणाला.

तेवढ्यात गवत हललं. बटणाची मान वर आली. ती एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. मुलीला नीट न्याहाळून ते एक पाऊल पुढे आलं.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

मुलीने बाहीने नाक पुसलं, डोळे पुसले आणि घसा फाटेल एवढी किंकाळी फोडत ती बटणाच्या अंगावर धावून गेली.