दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं

"आप्पांनी गाणं ऐकलं," अमरेश फोनवर म्हणाला. "कोयता घेऊन निघालेत. मी त्यांच्या पुढं हाय. तू सामान आवर, मी आलोच."

रक्षिता स्टुडिओच्या खुर्चीत मटकन बसली. काचेपलीकडे सम्राट गिटारच्या तारा जुळवत होता. बाहेर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात भर दुपारचं ऊन होतं.

तिचा पहिला अल्बम वरातींत वाजला होता. दुसरा वेगळा होता. सम्राटनं त्यात अमेरिकन कंट्री संगीताची गिटार आणली, तिनं तिकडचंच 'सोल' संगीत गाणाऱ्या बायकांसारखा पोटातून निघणारा आवाज लावला, आणि चाल घेतली आईच्या, अव्वाच्या, जात्यावरच्या ओव्यांची. कालच त्यातलं पहिलं गाणं लोकांच्या मोबाईलवर गेलं होतं. 'महादेवी पाय घसरून पडली न्हाय.'

महादेवी तिची थोरली बहीण. सोळा वर्षांपूर्वी, गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावात, ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं वडिलांनी, आप्पांनी, पोलिसांना सांगितलं. दहा वर्षांच्या रक्षितानं मात्र त्या पहाटे माळ्यावरून एक माणूस विहिरीकडून परतताना पाहिला होता. डोक्यावरून आप्पांचं घोंगडं घेतलेला. त्यानंतर आप्पा घरात आले की ती भिंतीला चिकटायची.

पाच वर्षांपूर्वी ती गाण्यासाठी घर सोडून निघाली, तेव्हा आप्पा उंबऱ्यातून ओरडले होते, "परत तोंड दावू नगंस." तेव्हापासून घरचा फोन यायचा तो फक्त थोरल्या भावाचा, अमरेशचा.

तो पाऊण तासात आला. शर्ट घामानं भिजलेला.

"पोलिसांत जाऊया की," सम्राट म्हणाला.

"घरातलं हाय, पावणं. म्हातारा माणूस हाय. मी समजावतो." मग तो रक्षिताकडे वळला. "बाकीची गाणी कुठं हायत?"

"या पेनड्राइव्हमध्ये. आणि स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर."

"पेनड्राइव्ह संगट घे. कॉम्प्युटरचं मी उद्या बघतो. त्यांनी इथं येऊन फोडाफोडी केली तर?"

गाडीत ती मागच्या सीटवर वाकून बसली. मागून मोटरसायकल आली की डोळे मिटून घ्यायची. राधानगरीचा रस्ता लागला तशी वर्दळ कमी झाली, झाडी दाटली.

"पुढच्या गाण्यात काय हाय?" अमरेशनं विचारलं.

"त्या पहाटेचं. मी जे बघितलं ते."

गाडी जरा हळू झाली. "हे आणि कुणाला ठावं हाय?"

"कुणालाच न्हाय, आण्णा. तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

"बरं केलंस," तो म्हणाला. "आता कुणाजवळ बोलू नगंस."

धरणाच्या पाण्यालगत त्याच्या मित्राचं फार्महाऊस होतं. आसपास दुसरं घर नव्हतं. खिडक्या बंद, आत कोंदट वास. अमरेशनं तिला पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला.

"भिऊ नगंस. फोन बंद करून ठेव. मी फाटक लावून येतो."

भाऊ होता म्हणून निभावलं, असं तिला वाटलं. ती फोन बंद करणार तोच तो वाजला. सम्राट होता.

"रक्षिता, तुझी अव्वा लाईनवर हाय. शेजारणीच्या मोबाईलवरनं स्टुडिओत फोन केलाय. जोडतो."

पाच वर्षांनी तो आवाज कानावर आला. अव्वा रडत होती.

"रक्षी, गाणं ऐकलं गं बाई..."

"अव्वा, आप्पांना कुणीतरी अडवा!" ती कुजबुजली. "कोयता घेऊन माझ्या मागं निघालेत!"

बाहेर फाटकाला कुलूप लागलं. पावलं व्हरांड्याकडे येऊ लागली.

"असं काय बोलतीस?" अव्वा म्हणाली. "आप्पा जाऊन सहा महिनं झालं की गं. अमरेशनं तुला कळवलं न्हाय?"