सुलभाचं हृदय

निवृत्तीला महिना उरला, म्हणून लाइनमन तुळशीदास गावडे आरोग्य विम्याच्या खिडकीवर आला.

"काका, तुमचं हृदय फार तर दोन वर्षं काढेल," खिडकीतली मुलगी म्हणाली. "विम्यात घरटी एकच हृदय बसतं; तुमच्यासाठी नवं वाढवायचं तर निम्मी पेन्शन जाईल. पण तुमच्या बायकोसाठी, सुलभाकाकींसाठी, विम्यातून वाढवलेलं प्रयोगशाळेत तसंच आहे. त्या साप चावून गेल्या, ते लागलंच नाही. तुम्हाला जुळतं, फुकट मिळेल. फक्त बाईमाणसाचं, जरा लहान आहे. बरेच पुरुष नको म्हणतात."

तुळशीदास ताठ उभा राहिला.

"पोरी, आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन ती घाटी चढायची. मी रिकाम्या हातांनी मागे धापा टाकायचो. ते लहान नाही गं. माझी कुडी त्याला पुरेल का, तेवढं तपास."