पहिला हात

दुपार कलली तरी मयुरीसमोर एकही हात आला नव्हता.

मूल गावच्या बाजारात कय्यूमभाईंनी सकाळीच ताडपत्री ताणली होती. वर सात रंगांच्या पट्ट्यांचा कापडी फलक, त्यावर मयुरीचा हसरा फोटो आणि खाली ओळ : 'हात कोणाचाही, मेहंदी साबिराची.' कय्यूमभाईंच्या बायकोच्या, साबिराबाईंच्या घरगुती मेहंदीची ही पहिलीच जाहिरात. त्यांची मुलगी आफ्रीन मुंबईत शिकत होती. त्या वर्षी, २००९ साली, तिने तिथे समलिंगी-तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी निघालेला सातरंगी झेंड्यांचा मोर्चा पाहिला आणि फोनवर हट्टच धरला : या लगीनसराईत आपली मेहंदी मयुरीच्या हातून काढायची, बाजाराबाजारात, फुकट.

मयुरी तृतीयपंथी. वडसा स्टेशनवर टाळी वाजवून गाडीत मागायची. पण तिच्या हातची नक्षी साबिराबाईंनी पाहिली होती. आजचा दिवस जमला तर हंगामभर काम. नाही तर उद्या पुन्हा गाडी.

बाया थांबत, फलक वाचत, तोंडाला पदर लावून हसत आणि पुढे जात. समोरच्या भांडेवाल्याने तर सवयीने एक नाणं तिच्यापुढे टाकलं आणि 'जा आता पुढं' म्हणून हात जोडले. मयुरीने ते उचलून त्याच्या गल्ल्यावर नेऊन ठेवलं.

"आज मागाले नाई आली, भाऊ. कामावर आली."

मयुरी परत येऊन बसली.

"साबिरा," कय्यूमभाई हळूच म्हणाले, "तो फलक काढून टाकू काय? नुसते मेहंदीचे कोन तं खपतीन."

साबिराबाईंनी मान वर केली नाही. "फलक काढाचा असन तं कोन बी गाडीत भरा. दोनी संगच घरी जातीन."

कय्यूमभाई पुन्हा कोन मांडायला लागले. मयुरीला मात्र बसवेना. आपल्यापायी या माणसांचा माल पडून राहतो, एवढंच तिला दिसत होतं. ती उठली आणि स्वतःच फलकाची सुतळी सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. नखाने सुटेना.

"ते मंग सोडजो," मागून आवाज आला. "पयले इकडं पाय. नवरीची मेहंदी येते काय तुले?"

पन्नाशीची एक बाई उभी होती. दोन्ही हातांत पिशव्या, त्यातून लग्नाचं सामान डोकावत होतं. तिच्याबरोबरची बाई तिची बाही ओढत कुजबुजली, "कमळाबाई, चाल ना व." कमळाबाईने बाही सोडवून घेतली.

"येते," मयुरी म्हणाली.

"तसं समदेच म्हणतेत. पयले माया हातावर काढ. जमली तं पोरीले काढशीन."

तिने पिशव्या खाली ठेवल्या, फतकल मारून बसली आणि उजवा हात पुढे केला. धान कापून कापून रापलेला हात, तर्जनीवर विळ्याचा जुना वण. मयुरीने तो हातात घेतला. पहिलीच रेघ वाकडी गेली.

"रेघ काऊन वाकडी गेली व?"

"सकाळपासून रिकामी बसून राह्यली ना, म्हणून."

"मंग आता नीट काढ. मले काई घाई नाई."

मयुरीने ती वाकडी रेघ वळवून तिचीच वेल केली. वेलीला पानं फुटली. कमळाबाई वाकून पाहत राहिली.

"तुयं गाव कोणतं व?"

मयुरी थबकली. हे तिला कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. "पिंपळगाव," ती म्हणाली. "नदीकाठचं."

"अवं, तिथं तं माई नणंद दिली. पाण्याच्या टाकीपाशी घर हाय."

"टाकीपाशी? त्या घरची बोरं आमीच पाडत होतो."

"मंग तिच्या शिव्या बी खाल्ल्या असशीन."

मयुरी हसली. बाही ओढणारी बाई आता जवळ सरकली होती. तिच्यामागे आणखी दोघी. कोणी म्हणालं, मोर काढ. कोणी म्हणालं, मोर नको, कलश शोभते. दुसऱ्या हाताची नक्षी होत आली तेव्हा वाऱ्याने कमळाबाईचा पदर डोक्यावरून घसरला. दोन्ही हात ओले. तिने आजूबाजूला पाहिलंसुद्धा नाही.

"पदर घेऊन दे व डोक्शावर," ती मयुरीला म्हणाली.

मयुरीने कोन खाली ठेवला, हात पुसले आणि पदर तिच्या डोक्यावर नीट ओढून दिला.

कमळाबाई दोन्ही तळवे उन्हात धरून उठली. "जमली," तिने निकाल दिला. "मंगळवारी हळद हाय. सकाळीच येजो. डोंगरगाव, शाळेच्या मागं. अंगणात मांडव दिसन."

लग्नघरी मयुरी आजवर पुष्कळदा गेली होती. न बोलावता, आणि दारापर्यंतच.

"बाहेरून आवाज देईन," ती म्हणाली.

"बाहेरून कायले? सरळ अंदर ये. जेवल्याबिगर जाचं नाई."

तिच्या जागेवर बाही ओढणारी बाई बसलीही होती, हात पुढे करून. मयुरीने आधी कोन घेतला आणि स्वतःच्या डाव्या तळव्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : मंगळवार, डोंगरगाव.

"थांब, कागद देते," साबिराबाई म्हणाल्या. "पुसून जाईन ते."

"नाई जात," मयुरी म्हणाली. "तुमचीच मेहंदी हाय."