तूरूनचं पहिलं पिंप

तूरूनने पिंपातल्या पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि लगेच थुंकली. खारट कसलं, कडूजहर लागलं.

चारच दिवसांपूर्वी तिने हे पिंप स्वतःच्या हातांनी भरलं होतं. अठरा किलो ट्राउट. नवऱ्याने, स्वाइनने, डोंगरावरच्या तळ्यात जाळी टाकून आणलेले. फ्रीझर तुडुंब भरला, शेजाऱ्यांना वाटून झाले, तरी एवढे उरले. ते आंबवायला घेतले. एकेका माशाचं पोट चिरून, कण्याजवळचं रक्त नखाने खरवडून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, पोटं वर करून तिने ते थर लावून बसवले. किलोला साठ ग्रॅम मीठ, चिमूटभर साखर, वर झाकण आणि झाकणावर दगड. आता तीन महिने तळघरात सुटलेल्या पाण्यात मुरायचे आणि नाताळात उघडायचे. मीठ कमी पडलं तर मासा विषारी होतो, जास्त पडलं तर आंबतच नाही. म्हणून तर तिने मिठाचा कणन् कण काट्यावर तोलला होता.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली दहा वर्षं सासूने, ओस्लाउगने, तिला पिंपाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. "तुम्ही समुद्राकाठची माणसं," ती म्हणायची. "मुठीने मीठ फेकायची सवय तुम्हाला. मासे सुकवायचे असतील तेव्हा बोलावेन तुला." नाताळात वीस नातेवाईक जेवायला यायचे. उकडलेले बटाटे, कच्चा कांदा, आंबट साय आणि हा मासा. पहिला घास घेतला की सगळे ओस्लाउगकडे बघून मान डोलवायचे आणि तूरून मुकाट्याने ताटं उचलायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठे म्हातारी म्हणाली, "भर बाई तूच. बिघडलं तर पुढच्या वर्षी मी आहेच."

आणि बिघडलंच. कोपऱ्यातली मिठाची पिशवी अर्धी झाली होती. तूरूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीने मुद्दाम केलं हे! दहा वर्षं तिष्ठत ठेवलं आणि आता वीस जणांसमोर नाक कापायची सोय करून ठेवली. पाणी बदलूनही काही होणार नव्हतं, मीठ मांसात मुरलं होतं. तावातावाने ती जिन्याकडे वळली, तोच पायऱ्या वाजल्या. ओस्लाउगच खाली येत होती. तूरून बटाट्यांच्या पोत्यांमागे सरकली. आज रंगेहाथ पकडायचीच, असं तिने ठरवलं.

म्हातारीने दगड बाजूला केला, झाकण काढलं आणि कपभर मीठ सगळीकडे सारखं भुरभुरलं. पन्नास वर्षं हेच करत आलेला हात होता तो. झाकण लावून, दगड ठेवून, कठड्याला धरत ती वर गेली. तूरून मनातल्या मनात भांडणाचं पहिलं वाक्य जुळवत होती. बाहेर पडणार तेवढ्यात पायऱ्या पुन्हा वाजल्या. म्हातारी परत उतरली. हातात तोच कप.

"बघा, मासे भरले आणि मीठ घालायचं राहिलंच की," ती स्वतःशीच पुटपुटली आणि दगडाला हात घातला.

तूरून पोत्यांमागून पुढे आली.

"होतीस कुठे?" ओस्लाउग खेकसली. "विश्वासाने सोपवलं तुझ्यावर, आणि मीठच घातलं नाहीस!"

"द्या इकडे, आई. मी घालते. तुम्ही वर जाऊन बसा."

तिने हे कुणालाच सांगितलं नाही, स्वाइनलाही नाही. दोन दिवस ती घरभर भांडी आपटत फिरली. एवढा राग साठला होता आणि काढायला माणूसच उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी स्वाइन पिंप सरकवायला तळघरात उतरला. मागून तूरून, आणि नको नको म्हणताना म्हातारीही. तिने झाकण काढून बोट चाटलं. जीभ मात्र अजून पक्की होती.

"कुणी केलं हे?" ती ओरडली. "अरे, हे मासे ईस्टरपर्यंत लाकडासारखे पडून राहतील! कुणी ओतलं एवढं मीठ?"

स्वाइनने बायकोकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. पुढे काय होणार हे त्याला पाठ होतं. तूरूनने या घरात आजवर एकही चूक कबूल केली नव्हती. पाव करपला तर भट्टी भिकार, गाडी खांबाला घासली तर खांब भलत्या जागी. यावरूनच दोघींची अकरा वर्षं जुंपत आली होती. म्हातारीनेही पदर खोचावा तशी एप्रनची गाठ आवळली.

"माझंच चुकलं, आई," तूरून म्हणाली. "मोजताना घोळ झाला माझा."

स्वाइनला हसू आवरेना. "ऐकलंस ना आई? आजची तारीख लिहून ठेव कुठेतरी!"

ओस्लाउग हसली नाही. झाकण हातात तसंच धरून ती सुनेकडे बघत राहिली. मग तिने ते पिंपावर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"किती वेळा घातलं गं मी?"