आईला न्यायला येतो

"घरचं जवळचं कुणी आहे?" टेबलामागच्या चष्मेवालीने विचारलं.

"नाही" म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. पालिकेचं पत्र पुढ्यात होतं, घरमालकाची नोटीस होती, आणि उजव्या मनगटावरचं प्लास्टर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मागे रांग होती, आणि रांगेतली निम्मी तोंडं मावशीच्या खानावळीत जेवून गेलेली होती.

"आहे ना! मुलगा आहे. मोठा साहेब आहे," मावशी ठसक्यात म्हणाली. "तुला काय वाटलं, मी उघड्यावर पडलेय?"

चष्मेवालीने त्याचा फोन नंबर मागितला. मावशीने तो न अडखळता म्हणून दाखवला.

पालिकेत तिला सकाळीच सांगितलं होतं, यंदाचा मदतीचा पैसा संपला. तिथल्या कारकुनाने पत्र देऊन या संस्थेकडे धाडलं. संस्था अडलेल्या माणसाचं थकलेलं भाडं परस्पर घरमालकाला पोचतं करायची, तेही त्याच दिवशी. आणि आजच ते पोचायला हवं होतं. उद्या खोलीला कुलूप लावतो म्हणून मालक दारात उभं राहून सांगून गेला होता. वर्षानुवर्षं हिच्याच हातचं जेवून बोटं चाटलेला माणूस! हात मोडला, चूल थंडावली, तशी त्याची जीभही फिरली.

"मावशी, तुम्ही इथे?" मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गवंड्याने विचारलं.

"का रे? रांग काय तुझ्या सासऱ्याने आंदण दिलीय?"

दोघंतिघं हसले. गवंडीही हसला. तिच्याकडून शिव्या खाल्ल्याशिवाय त्याला कधी जेवण गेलं नव्हतं.

चष्मेवालीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. नातेवाइकाशी जे बोलायचं ते चारचौघांत बोलायचं, म्हणजे मागाहून संस्थेवर ठपका नको, अशी तिथली रीत होती.

"तुमच्या आई आमच्याकडे आल्यात. भाडं थकलंय, उद्या खोली सोडावी लागेल. तुमच्याकडून काही होण्यासारखं आहे का?"

नाही म्हण रे बाबा, मावशी मनात म्हणाली. जमत नाही म्हण, अडचण आहे म्हण. चार माणसांत माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, डोक्यावर छप्पर तरी राहील.

"भाडं?" मुलाचा आवाज दालनभर घुमला. सभेत बोलावं तसा बोलत होता. "अहो, माझ्या आईला भाड्याच्या खोलीत राहायची गरजच काय? कधीपासून सांगतोय, माझ्याकडे ये, माझ्याकडे ये. ऐकेल तर शपथ! माझं घर काय तिला परकं आहे? आज संध्याकाळी येतो न्यायला. आईला लोकांपुढे हात पसरायला लावणारा मुलगा नाहीये मी."

रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. कुणीतरी डोळेही पुसले.

कधी सांगितलं होतं याने? मावशी आठवू लागली. इतक्या मायेने बोलत होता, की क्षणभर तिला वाटलं, सांगितलंही असेल. आपणच कामाच्या धबडग्यात विसरलो असू.

"अरे, पण ऐक तरी..." ती फोनकडे वाकली.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं. ठेवतो."

फोन बंद झाला. चष्मेवालीचा चेहरा खुलला होता. तिने मावशीचे कागद नीट जुळवून परत तिच्या पुढ्यात ठेवले.

"मुलगा न्यायला तयार असला की आम्हाला भाडं देता येत नाही, मावशी. ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी आहे ते. पण किती छान झालं ना! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. पुढचे कोण आहेत? या."

"नशीब काढलंत, मावशी," गवंडी म्हणाला. तो मनापासून म्हणत होता. आणि पुढचा नंबर त्याचा होता.

मावशी उठून चालू लागली असती तर मान ताठ ठेवून जाता आलं असतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, मावशी चालली साहेबाच्या बंगल्यावर. तिने डाव्या हाताने कागद उचलले. परत खाली ठेवले.

"मावशी, खुर्ची मोकळी करता ना?"

"करते. त्याआधी त्याला परत एक फोन लाव."

"आता काय विचारायचं राहिलं?"

"पत्ता."

"कुणाचा?"

"त्याच्या घराचा." मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "नवं घर घेतलं, तेव्हा मला सांगायचा राहून गेला. त्याची मुलं शाळेत जायला लागली तरी राहिलाच आहे. संध्याकाळी तो आलाच नाही, तर मी बोचकं घेऊन जाऊ कुठे?"

गवंड्याने मान खाली घातली. चष्मेवालीने मावशीकडे पाहिलं, मग फोन लावला. घंटी वाजायला लागली. पलीकडून कुणी उचलेना. चष्मेवालीला कसंसंच झालं. आवाज कमी करायला तिने हात पुढे केला.

मावशीने फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू दे, पोरी. मघाशी त्याचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं ना? मग हेही ऐकू दे."