हालचाल झाली तरच

"नऊ टक्के," दुरुस्तीवाला म्हणाला. "एवढंच आयुष्य उरलंय."

सुनेचा चमचा हवेतच थांबला. तिनं आधी पलंगाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"डिस्कचं म्हणतोय, ताई," तो ओशाळून म्हणाला.

"हळू बोला. त्यांचं अंग गेलंय, कान नाही गेले."

तिनं चमचा पुढे केला. सासूबाईंनी तो डाव्या हातानं ढकलला. तेवढा एकच हात चालायचा, आणि चालायचा तो याच कामाला. सांडलेलं पाणी टिपून तिनं पुन्हा चमचा भरला.

पलंगासमोरच्या भिंतीवर कॅमेरा होता. त्याला दिसेल ते सगळं कपाटावरच्या एका डब्यात साठत असे, दिवसाचे चोवीस तास. तो डबा आता टेबलावर उघडा पडला होता.

"गेल्या वर्षी एक डिस्क गेली, ही दुसरी," दुरुस्तीवाला म्हणाला. "हिची झीज होते ती लिहिण्यानं, ताई. बघून काही होत नाही. आणि इथं तर क्षणन् क्षण लिहिला जातोय. तोही दोनदा!"

"दुसरी प्रत मीच चालू केली. एक बिघडली तर एक हाताशी असावी म्हणून."

"याच डिस्कवर? म्हणजे एक किल्ली हरवेल म्हणून दुसरी त्याच जुडग्यात अडकवली म्हणायची."

एरवी ती हसली असती. आज हसण्याइतकंही त्राण नव्हतं.

फोन वाजला. तिचा एक हात सासूबाईंच्या मानेखाली होता, म्हणून तिनं कोपरानंच स्पीकर लावला. नणंद होती.

"वहिनी, कॅमेरा बंद दिसतोय."

"दुरुस्तीला उघडलाय, वन्सं."

"हो का? आईच्या पाठीला जखम झाली तेव्हाही बंदच होता. बरा नेमका वेळेवर बंद पडतो तुमचा कॅमेरा."

फोन कट झाला. दुरुस्तीवाला उगीचच स्क्रू मोजत बसला. चारच होते.

जरा वेळानं तो म्हणाला, "हालचाल झाली तरच लिहायचं, असं करून देतो. दुसरी प्रत बंद. डिस्क अजून वर्ष-दीड वर्ष सहज ओढेल. नुसती भिंत आणि पलंग कशाला लिहीत बसायचं?"

"नको. सगळं राहू दे."

"अहो, पण..."

"ऐकलंत ना आत्ता? त्या दिवशी हा चालू असता तर दिसलं असतं. दर दोन तासांनी मी त्यांना कुशीवर वळवत होते. माझ्या बाजूनं बोलणारं या घरात तेवढं एकच आहे."

"तुम्ही वळवाल तेव्हा हालचाल होणारच की. त्यातलं काही सुटायचं नाही. आणि असंच चालू ठेवलंत, तर महिन्याभरात तेही मुकं होईल."

तिला पटलं की ती थकली, देव जाणे. "करा," ती म्हणाली.

त्यानं डबा बंद करून कपाटावर ठेवला, तारा जोडल्या. "अर्धा तास चालून बघू दे. खालच्या मजल्यावर एक काम आहे, तेवढं उरकून येतो."

दार लावून ती आत आली. सासूबाईंच्या पायांवरची शाल छातीपर्यंत ओढली. खुर्ची पलंगाला भिडवून बसली. फक्त पाठ टेकायची होती.

बेल वाजली तशी ती दचकून उठली. दार उघडलं आणि तो आत येण्याआधीच म्हणाली, "भाऊ, माझा डोळा लागला हो. ते दिसेल का? पुसता येईल? वन्सं म्हणतील, आईला वाऱ्यावर सोडून ही झोपा काढते."

"घाबरू नका. झोपलेलं माणूस हलतंय कशाला? झोपेतलं काही लिहिलंच गेलं नसेल."

त्यानं आपल्या मोबाईलचा पडदा उजळवला. मग थांबला.

"तुम्ही बसलात आणि उठलात, त्याच्या मधला एक तुकडा आहे. तीन मिनिटांचा."

त्यात ती होती. मान कलून गादीच्या कडेवर आलेली, तोंड अर्धवट उघडं. तिची हालचाल काहीच नव्हती. हलत होता तो सासूबाईंचा डावा हात. बोटांनी शालीचा काठ पकडला, ओढला. काठ निसटला. हात तसाच पडून राहिला, जणू दम खात होता. पुन्हा पकडला, पुन्हा निसटला. तिसऱ्या खेपेला शाल छातीवरून सरकत सरकत गादीच्या कडेपर्यंत आली. मग तो हात सुनेच्या खांद्यावर आला, शाल तिथं ठेवली, आणि दोनदा थोपटल्यासारखं केलं. तुकडा संपला.

सुनेनं खांद्याला हात लावून पाहिला. शाल अजून तिथंच होती; दार उघडायला गेली तेव्हाही अंगावरच होती.

पलंगावर सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. डावा हात चादरीखाली होता.

"पुसायचं म्हणत होतात," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "तुम्ही झोपलेल्या दिसताय यात. स्पष्ट."

पुन्हा फोन वाजू लागला. वन्संच होत्या. तिनं तो वाजू दिला.

"बघून झीज होत नाही म्हणालात ना?"

"नाही होत."

"मग पुन्हा लावा."